मासा आजारी दिसला की औषधाची बाटली सगळ्यात शेवटी उघडा

पहिला पाऊस पडून गेला की आणि डिसेंबरात थंडी उतरली की मला ओळखीपाळखीतून ठरलेले फोन येतात. "गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते, दुकानातून निळं औषध आणून टाकलं, तर आता बाकीचेही मरायला लागलेत." औषध बहुतेकदा ठीकच असतं, क्रम चुकलेला असतो. पाणी न बघता औषध ओतलं जातं आणि ठिपके दिसेनासे झाले की ते बंद केलं जातं. गोड्या पाण्यातले बरेच पाळीव मासे या दोन चुकांपायी जातात.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर घरात असते तशी दोन फुटी टाकी आहे आणि त्यात गोल्डफिश, मॉली, गप्पी, प्लॅटी असली मंडळी. मोठ्या टाकीला क्रम हाच, फक्त आकडे बदलतील.

० . मासा धडधाकट असतानाच करायची तयारी

आजार रविवारी रात्री दहाला लक्षात येतो आणि दुकान सोमवारी बंद असतं. म्हणून हे घरात असू द्या: थर्मामीटर, अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषं) मोजायचं थेंबांचं टेस्ट किट, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरीन, अर्धा किलो खडेमीठ, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, वीस लिटरचा कोरा प्लास्टिकचा टब, जास्तीचा एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) आणि वेगळी जाळी. टबावर मार्करने "मासे" लिहून टाका, नाहीतर एक दिवस त्यात कपडे भिजलेले सापडतील. साबण लागलेला टब कितीही धुतला तरी माशांसाठी वापरू नका.

टाकीत पाणी किती मावतं हेही आजच काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा. ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटर. पण वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे असतात, तळाला खडी असते, म्हणजे खरं पाणी साधारण ४५ लिटर. हा आकडा टाकीच्या मागच्या काचेवर चिकटवून ठेवा. "टाकी पन्नास-साठ लिटरची असेल" अशा अंदाजावर औषध मोजलं, तर पहिल्याच दिवशी डोस चुकतो.

१. पाच मिनिटं नुसतं बघा

खाणं टाकू नका, काचेवर टकटक करू नका. टाकीचा दिवा बंद करून बाजूने टॉर्च मारा. समोरून न दिसणारे ठिपके तिरक्या उजेडात उठून दिसतात.

काय बघायचं? पर अंगाला चिकटवून ठेवलेत का. मासा खडीवर किंवा फिल्टरच्या नळीवर अंग घासतोय का: एकदम तिरका होतो, झटका देऊन घासतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे पोहतो. दिवसातून एकदा घासलं तर सोडून द्या, पण पाच मिनिटांत तीनदा घासलं तर त्वचेला किंवा कल्ल्यांना काहीतरी त्रास आहे. शेजारी निरोगी मासा असेल तर दोघांच्या कल्ल्यांची उघडझाप अर्धा-अर्धा मिनिट मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ही तुलना जास्त कामाची. विष्ठा लांब, पांढरी, दोऱ्यासारखी आहे का, तेही बघा. आणि मोबाइलवर एक व्हिडिओ काढून ठेवा, चार दिवसांनी तुलना करायला लागतो.

> तपासा: बेट्टा आणि गोरामी वर येऊन हवा घेतात, ती त्यांची रीतच आहे. बलून मॉलीचं पोट जन्मतःच फुगीर असतं. आणि नर गोल्डफिश वयात आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर बारीक पांढरे दाणे येतात. ओळखीतल्या एका काकांनी अशा ठणठणीत नराला आठ दिवस औषध दिलं. दाणे फक्त त्या दोन जागी, ओळीत असतील आणि मासा झडप घालून खात असेल तर तो आजार नव्हे.

२. एक मासा की सगळे?

सगळे मासे एकाच सकाळी पृष्ठभागाशी तोंड करून हापापताना दिसले तर तो बहुधा आजार नसतो. पाण्यात प्राणवायू कमी झालाय किंवा विष उतरलंय. रात्री वीज जाऊन पंप बंद पडला होता का? खोलीत डासांचा स्प्रे मारला होता का, पेस्ट कंट्रोल झालं, दिवाळीचं रंगकाम चालू आहे? एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

एक-दोन मासे आजारी आणि बाकीचे बरे असतील तर गेल्या पंधरा दिवसांचा हिशेब मांडा. नवा मासा आणला? फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला? नळाऐवजी टँकरचं पाणी भरलं? उत्तरं वहीत लिहा. निम्म्या वेळा निदान इथेच होतं.

३. पाणी तपासा आणि बदला. आजार कुठलाही असो, ही पायरी चुकवू नका

अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवा. किटमध्ये अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅम दिसला तरी तो जास्तच आहे. बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असेल तर तेवढाच अमोनिया कितीतरी अधिक विषारी ठरतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून चांगलं, असं नसतं. अमोनियाला रंग नसतो.

बदलायचं असं:

१. बादलीत पाणी भरा, अँटिक्लोरीन बाटलीवरच्या मापाने बादलीतच घाला, टाकीत ओतल्यावर नव्हे. अँटिक्लोरीन नसेल तर पाणी एअरस्टोन लावून चोवीस तास ठेवा.

२. बादलीतलं आणि टाकीतलं तापमान थर्मामीटरने जुळवा. फरक एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट ओतलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके येतात, हा ठरलेला अनुभव आहे.

३. सायफनने तळाची घाण ओढत तीस ते चाळीस टक्के पाणी काढा. नळी तोंडाने ओढू नका. माशांच्या क्षयाचे जंतू माणसाच्या त्वचेलाही लागतात, तेव्हा हाताला जखम असेल तर हातमोजे घाला.

४. नवं पाणी हळूहळू ओता.

> सावधान: सहा महिने पाणी बदललेलंच नसेल तर एकदम निम्मं बदलू नका. जुन्या पाण्याला सरावलेल्या माशाला तो धक्का सोसत नाही. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ दहा-दहा टक्के बदला.

फिल्टरचा स्पंज धुवायचा असेल तर काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा. अमोनिया खाणारे जीवाणू त्या स्पंजात राहतात, नळाखाली धरलात तर क्लोरीनने ते मरतात.

आता एक रात्र जाऊ द्या. मासा मरणपंथाला लागलेला नसेल तर औषध उद्या. सकाळी पर उघडलेले दिसले, तर पुढच्या निम्म्या पायऱ्या वाचायची गरजही उरणार नाही.

४. आजाराला नाव द्या

नाव सापडल्याशिवाय औषध नाही.

रव्याचे दाणे चिकटल्यासारखे सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, दुकानदारांच्या भाषेत "इक". हळदीची बारीक पूड भुरभुरल्यासारखी पिवळसर झाक टॉर्चमध्ये दिसली तर तो वेगळा परजीवी, त्याला व्हेल्वेट म्हणतात. कापसाचा पुंजका जुन्या जखमेवर असेल तर बुरशी.

इथेच मोठी फसगत होते. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा आला तर तोही कापसासारखाच दिसतो, पण ती बुरशी नसते, कॉलमनॅरिस नावाचा जीवाणूंचा आजार असतो. फरक वेगाचा आहे: बुरशी दिवसागणिक वाढते, हा तासागणिक पसरतो. आणि इकसाठी वाढवतात तसं पाणी गरम केलंत तर तो आणखी पेटतो.

परांच्या कडा झिजून फाटक्या झाल्या तर पर कुजणं. अंगातून बारीक काडीसारखा धागा लोंबतोय आणि मुळाशी लाल आहे, तर अँकर वर्म. हा गोल्डफिशवर बराच दिसतो. पोट फुगून खवले देवदारच्या फळासारखे उभे राहिले तर ड्रॉप्सी. एकच डोळा बाहेर आलाय तर बहुधा मार लागलेला असतो, दोन्ही आलेत तर पाणी किंवा आतला संसर्ग.

५. टब की टाकी?

पर कुजणं, बुरशी, जखम, पोट फुगणं, यासाठी मासा टबात हलवा. टबात टाकीतलंच पाणी, एअरस्टोन, लपायला एक मातीची कुंडी, खडी नको. वरून जाळी झाका, आजारी मासाही उडी मारतो.

इकचं मात्र उलट. ठिपकेवाला मासा टबात नेऊन "बाकीचे वाचवले" असं समाधान करून घेऊ नका. ठिपका म्हणजे त्वचेखाली वाढणारा परजीवी. तो पोसला की माशावरून गळतो, खडीवर-काचेवर कोष करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. मीठ असो की औषध, मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखालच्याला नाही, कोषातल्यालाही नाही. म्हणून इकचा उपचार अख्ख्या टाकीला.

६. इकचा उपचार, दिवसवार

*पहिला दिवस.* पायरी तीन झालेली असली पाहिजे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, मिठाला तो अडवत नाही पण पुढे औषध लागलं तर ते शोषून घेतो. जास्तीचा एअरस्टोन लावा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास.

हीटर असेल तर तापमान दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त न वाढवता चढवा. मॉली-गप्पीसाठी २९-३० पर्यंत, गोल्डफिशसाठी २७-२८ पुरे. उष्णतेने परजीवी मरतो असं समजू नका. त्याचं चक्र वेगाने फिरतं आणि तो लवकर पोहणाऱ्या अवस्थेत, म्हणजे आपल्या माऱ्यात येतो, हा मुख्य फायदा. २५ अंशांच्या आसपास चक्र आठवड्याभरात पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी आधीच तिशी ओलांडून असतं, तिथे हीटरला हात लावू नका.

*मीठ.* लिटरला ३ ग्रॅम, पण तीन हप्त्यांत. आपल्या ४५ लिटरच्या टाकीला एकूण १३५ ग्रॅम: ४५ आत्ता, ४५ बारा तासांनी, ४५ आणखी बारा तासांनी. काट्यावर मोजा. "दोन मुठी" हे माप नव्हे. मगभर टाकीच्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि फिल्टरच्या धारेखाली हळू ओता. खडे थेट टाकले तर ते तळाशी बसतात आणि मासा खाणं समजून तोंडात घेतो.

> सावधान: टाकीत लोच, कोरिडोरस किंवा दुसरे खवले नसलेले मासे असतील तर लिटरला १ ग्रॅमवर थांबा. खरी झाडं असतील तर बरीचशी जातील, जपायची ती आधी वेगळ्या भांड्यात काढा. पण त्या पाण्यात आठवडाभर तरी, थंडीत त्याहूनही जास्त, मासा सोडू नका आणि तोवर झाडं टाकीत परत आणू नका.

*तिसरा-चौथा दिवस.* ठिपके वाढलेले दिसतील. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि मीठ काम करत नाही म्हणून ते दुसरं काहीतरी ओततात. वाढलेले ठिपके आधीच त्वचेत शिरलेल्यांचे असतात. थांबा.

दर दोन दिवसांनी तळाची घाण ओढत १५ लिटर पाणी बदला, बरेच कोष त्यातच जातात. पाण्याबरोबर मीठही गेलं, म्हणून नव्या १५ लिटरला ४५ ग्रॅम मीठ. मात्र बाष्पीभवनाने उतरलेली पातळी भरताना साधं पाणीच घाला. मीठ वाफेबरोबर उडत नाही, दरवेळी घालत गेलात तर वाढत राहील.

खाणं निम्मं करा. जे दोन मिनिटांत संपत नाही ते काढून टाका.

*सहावा ते दहावा दिवस.* ठिपके गेले, मासा खायला लागला. थांबू नका. शेवटचा ठिपका दिसल्यापासून पुढे पूर्ण सात दिवस मीठ आणि तापमान तेच ठेवा. मग दर दोन दिवसांनी साधं पाणी घालून मीठ हळूहळू उतरवा. शेवटचा ठिपका कधी दिसला ती तारीख वहीत लिहा, आठवणीवर विसंबलात तर सातचे चार दिवस होतात.

७. मीठ पुरलं नाही तर औषध

पाच-सहा दिवसांनीही नवे ठिपके येत असतील, किंवा मिठाला नाजूक मासे असतील, तर मॅलकाइट ग्रीन असलेलं इकचं औषध घ्या. बाटलीवर काय घटक आहेत ते वाचा. नुसतं "सगळ्या रोगांवर" लिहिलेली, घटक न छापलेली बाटली परत ठेवा.

खवले नसलेल्या माशांना निम्मा डोस. हातमोजे घाला, हे औषध माणसालाही चांगलं नाही. कोळसा बाहेर, फिल्टरला जंतू मारणारा यूव्ही दिवा असेल तर तो बंद, टाकीचा दिवाही बंद, कारण उजेडात ते निष्प्रभ होतं. पुढच्या डोसआधी पाव टाकी पाणी बदला. आणि एका वेळी एकच औषध. काल हिरवं, आज निळं, उद्या पिवळं असं केलंत तर मासा कशाने मेला हेही कळणार नाही.

निळ्या औषधाबद्दल, म्हणजे मिथिलीन ब्लूबद्दल, माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या टाकीतल्या एका ओरांडावर (गोल्डफिशचीच एक जात) ठिपके दिसले तेव्हा मी ते थेट टाकीत ओतलं, वर थोडं जास्तच, "लवकर गुण यावा" म्हणून. चौथ्या दिवशी दोन निरोगी मासे आडवे. निळ्याने फिल्टरमधले जीवाणू मारले होते आणि अमोनिया चढला होता. ज्याच्यासाठी औषध टाकलं तो ओरांडा वाचला. टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन अजून निळं आहे. मिथिलीन ब्लू टबात, बुरशीसाठी वापरा. मुख्य टाकीत त्याचं काम नाही.

८. बाकीचे आजार, थोडक्यात

पर कुजणं: टबात रोज तीस टक्के पाणी बदल, लिटरला १ ग्रॅम मीठ, आठवडाभर. कडेला नितळ पारदर्शक पट्टी दिसली की नवा पर येतोय. लाली पराच्या मुळापर्यंत पोचली, किंवा कॉलमनॅरिसचा संशय आला, तर माशांचं काम जाणणारा पशुवैद्य गाठा. घरातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. जड पाण्यातलं कॅल्शियम तिला बांधून टाकतं, डोस अंदाजपंचे राहतो आणि मरतात ते फिल्टरचे जीवाणू.

गोल्डफिश उलटा किंवा तिरका तरंगत असेल तर आधी बद्धकोष्ठ धरा. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेल्या मटाराचा चिमूटभर गर. कोरडे दाणे पुढे पाण्यात भिजवून, बुडवून द्या.

अँकर वर्म चिमट्याने ओढून काढल्यावरही टाकीत त्याची पिल्लं उरतात, त्यासाठी त्याचं वेगळं औषध लागतं. ओढताना तुटला तर डोकं आत राहून जखम चिघळते. हात स्थिर नसेल तर करू नका.

ड्रॉप्सीत खवले उभे राहिले असतील तर खरं सांगायचं तर फार थोडे वाचतात. टबात स्वच्छ पाणी द्या, शांत ठेवा. जिवंत मासा फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा फ्लश करणं या दोन्ही गोष्टी क्रूर आहेत. सोडवायचंच असेल तर पशुवैद्याला विचारून.

९. मेलेला मासा आणि नवा मासा

मेलेला मासा दिसताक्षणी काढा, बाकीचे त्याला टोचतात आणि रोग पोटात जातो. कुंडीत खोल पुरा. आजारी असो वा नकोसा, कुठलाही मासा तळ्यात, विहिरीत किंवा नदीत सोडू नका. जाळी, सायफन, टब खडखडीत उन्हात दोन दिवस वाळवा, इकचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही.

नवा मासा आणला की चार आठवडे त्याच टबात, वेगळ्या जाळीने. दुकानात एकाच पाण्यावर चालणाऱ्या रांगेतल्या कुठल्याही टाकीत ठिपके किंवा मेलेला मासा दिसला, तर समोरचा कितीही देखणा असला तरी रिकाम्या हाताने परत या. पिशवी टबाच्या पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टबातही नको, टाकीतही नको. कुंडीत ओता.